सहल निघण्यापूर्वी टेप काढा

शेतीच्या जुन्या अवजारांचे एखादे छोटे संग्रहालय तुम्ही पाहिले आहे काय? मोठ्या शहरांतल्या दगडी इमारतींतील संग्रहालयांविषयी मी बोलत नाही. एखाद्या हौशी शेतकऱ्याने किंवा गावच्या शाळेने जुन्या वाड्यात अथवा पत्र्याच्या शेडमध्ये नांगर, कुळव, पाभर, मोट, जाते, कणगी अशा वस्तू मांडून ठेवलेल्या असतात. अंगणात बैलगाडी उभी असते आणि मागे विहीर असते. गोव्यात बाणावली येथे व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी उभारलेले ‘गोवा चित्र’ हे संग्रहालय २००९ मध्ये खुले झाले. कोल्हापूरजवळ कणेरी मठाच्या परिसरात ग्रामजीवनाचे संग्रहालय आहे. ही नावाजलेली झाली. पण ज्यांच्या दारावर धड पाटीही नाही अशी ठिकाणेही आहेत, आणि शाळेच्या सहलीला मला तीच अधिक आवडतात.

काही वर्षांपूर्वी अशाच एका ठिकाणी मी नववीचा वर्ग घेऊन गेलो होतो. वर्गात चाकांची खुर्ची, म्हणजे व्हीलचेअर, वापरणारी एक मुलगी होती. निघण्यापूर्वी मी आठवणीने फोन केला. “आमच्याबरोबर व्हीलचेअरवर बसणारी एक विद्यार्थिनी आहे. तिला आत येता येईल ना?” पलीकडून उत्तर आले, “या की गुरुजी, सगळी सोय आहे.”

पोहोचलो तो दारात तीन पायऱ्या! सोय म्हणजे काय, तर खुर्चीसकट उचलायला चार गडी उभे होते. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. पण मुलगी म्हणाली, “सर, मला उचललेले नको.” मागे एकदा असेच उचलताना एकाचा हात निसटला होता, हे तिने मला नंतर सांगितले. दोन तास ती आंब्याखाली बसून राहिली. परतताना तिने मैत्रिणीला एकच प्रश्न विचारला, “पाभर होती का गं?” तिच्या आजोबांच्या घरी पाभर असे. तिने ती कधी पाहिली नव्हती, नुसती ऐकली होती.

फोनवर कोणी खोटे बोलले नव्हते. चूक माझ्या प्रश्नात होती. ‘सोय’ हा शब्द मोजता येत नाही. “किती पायऱ्या आहेत, आणि एकेक किती उंच?” असे मी विचारले असते, तर उत्तर आकड्यात आले असते. दुसरी चूक याहून मोठी. खुर्ची जिची, तिलाच मी काही विचारले नव्हते.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा तेथे जायचे ठरवले. या वेळी आधी मी आणि दोन विद्यार्थी टेप, एक सरळ फळी, पाणसळ आणि ताणकाटा घेऊन गेलो. त्या दिवशी जे मोजले, आणि ज्या कारणासाठी मोजले, ते तुम्हाला सांगतो.

पायऱ्या, फळी आणि मोटेची धाव

उतरण हे साधे यंत्र तुम्ही शिकला आहात. जड वस्तू सरळ उचलण्याऐवजी उतारावरून ढकलली की जोर कमी लागतो, मात्र अंतर वाढते. उतार जितका सौम्य, तितका जोर कमी. समजा, मुलगी ४२ किलो आणि खुर्ची १८ किलो, मिळून ६० किलो. उतार १:१२ असेल, म्हणजे १२ सेंटिमीटर पुढे गेल्यावर १ सेंटिमीटर चढत असेल, तर घर्षण सोडून जोर लागेल ६० भागिले १२, म्हणजे सुमारे ५ किलो. एवढा जोर सोबतच्या मुलाला सहज लावता येतो. सवय असलेली व्यक्ती स्वतःही हातांनी चाके फिरवून चढू शकते. म्हणूनच आपल्याकडच्या बांधकामाच्या मार्गदर्शक नियमांत उतार १:१२ पेक्षा तीव्र नसावा असे म्हटले आहे.

आता आमच्या तीन पायऱ्या घ्या. प्रत्येकी १५ सेंटिमीटर, एकूण ४५. त्यावर १:१२ चा उतार करायचा तर लांबी हवी ४५ गुणिले १२, म्हणजे ५४० सेंटिमीटर. जवळजवळ अठरा फूट! संग्रहालयाचे काका म्हणाले, “आपली सहा फुटी फळी टाकू की.” सहा फूट म्हणजे १८० सेंटिमीटर. उतार झाला चारास एक. जोर लागेल १५ किलो, पण खरा धोका जोराचा नाही. खुर्चीत बसलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य मागच्या चाकांच्या आसाच्या थोडाच पुढे असतो. समजा, तो आसाच्या १५ सेंटिमीटर पुढे आणि जमिनीपासून ५५ सेंटिमीटर वर आहे. कागदावर आकृती काढून कोन मोजा. उतार साधारण १५ अंशांचा झाला की गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली रेषा चाकाच्या टेकण्याच्या बिंदूमागे जाते, आणि खुर्ची मागे उलटते. आमच्या फळीचा कोन निघाला साडेचौदा अंश. फळी आम्ही नम्रपणे परत केली.

उतार मोजायला मोठी उपकरणे लागत नाहीत. १२० सेंटिमीटरची सरळ फळी उतारावर ठेवा. तिचे खालचे टोक उचलून वर ठेवलेल्या पाणसळीतला बुडबुडा मध्यावर आणा. आता त्या टोकाखाली किती पोकळी राहिली ते मोजा. १० सेंटिमीटर असेल, तर उतार बरोबर १:१२. मोबाइलमधील पाणसळ कोन दाखवते, तेथे हाच उतार पावणेपाच अंशांच्या आसपास दिसेल.

गंमत अशी, की उतरणीचा सर्वांत सुंदर नमुना त्याच संग्रहालयाच्या मागे होता. विहिरीच्या काठापासून खाली उतरत जाणारी मोटेची धाव! बैल धावेवरून उताराकडे चालत जात, तेव्हा त्यांच्या वजनाचा एक हिस्सा नाड्याला ओढ द्यायला आपोआप लागे, आणि भरलेली मोट वर येई. उताराने जोर वाचतो, हे त्या गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. फक्त ते पुढच्या दाराशी कोणी आणले नव्हते.

बैल कोठून आत जात?

अठरा फुटी उतार बांधणे एका दिवसाचे काम नव्हते. तेव्हा माझ्याबरोबरच्या एका विद्यार्थ्याने विचारले, “काका, ही बैलगाडी आत कशी आणली?” काकांनी कपाळाला हात लावला. शेडची मागची बाजू पूर्वी गोठा होती. तिला रुंद दार होते आणि त्या दाराला एकही पायरी नव्हती. बैल पायऱ्या चढत नाहीत, गाडीही चढत नाही.

शेतीच्या संग्रहालयाला जाणार असाल तर ही खूण लक्षात ठेवा. जेथे चाके आणि जनावरे वावरत होती, तेथे कुठे ना कुठे पायरीविना वाट असतेच. ती बहुधा मागे असते आणि तिला कुलूप असते. पण ते कुलूप आपल्या वर्गासाठी उघडताना सगळ्या वर्गालाच तेथून आत न्या. एकीने मागच्या दाराने आणि बाकीच्यांनी पुढून जायचे, हे मला पटत नाही.

दाराची रुंदी आम्ही मोजली. मार्गदर्शक नियमांत दाराचे मोकळे माप किमान ९० सेंटिमीटर सांगितले आहे. मोकळे म्हणजे दार उघडल्यावर फळीची जाडी वजा जाऊन उरणारे. गोठ्याचे दार त्याच्या दुपटीहून रुंद होते.

सपाट जमिनीची गोम

मात्र त्या दारापर्यंत वीस मीटरची वाट होती आणि तिच्यावर नवी कोरी खडी पसरलेली होती. जमीन अगदी सपाट. सपाट म्हणजे सोपे, असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटले होते.

हा प्रयोग तुम्ही शाळेतच करा. खुर्चीवर वह्यापुस्तकांची ओझी ठेवून वजन साठ किलोच्या आसपास आणा. माणूस बसवू नका. पुढे दोरी बांधून ताणकाट्याने हळूहळू, एकसारख्या वेगाने ओढा. गुळगुळीत फरशीवर काटा किलो-दीड किलोच्या आसपास राहील. चोपलेल्या मुरमावर थोडा वाढेल. सुट्या खडीत मात्र चाके रुततात, प्रत्येक वळसा नवा खड्डा पाडत जातो, आणि काटा चार-पाच पट, कधी त्याहूनही वर जातो. याचा अर्थ काय झाला? सुट्या खडीची सपाट वाट ही १:१२ च्या चढाइतकीच जड आहे. चढ निदान डोळ्यांना दिसतो तरी!

आपल्याकडच्या जमिनींचा एक क्रम मी मनाशी लावला आहे. फरशी आणि कोबा उत्तम. चोपलेला मुरूम चांगला. सारवलेली जमीन वाळलेली असेल तर छान, ओली असेल तर कुबड्या घेऊन चालणाऱ्यांना घसरडी. सुटी खडी वाईट. आणि पावसानंतरची काळी माती? तिचे नावच नको. ती चाकांना अशी लपेटते की चाक आणि चौकट यांच्यात बोटही शिरत नाही. सहल दिवाळीनंतर ठेवा.

खडीवर आम्ही प्लायवुडचे तीन तुकडे घेतले. दोन खाली, तिसरा पुढे. मागचा उचलायचा आणि पुढे टाकायचा. तुकडे अपुरे पडले तेथे काय करायचे, ते मुलीनेच सांगितले, “सर, खडीतून मला उलटे ओढा. पुढची चाके उचललेली ठेवा.” ती वर्षानुवर्षे हेच करत आली होती. कारण मी नंतर कागदावर काढले.

उंबरठ्याचे गणित

हे गणित दारातल्या उंबरठ्यावर अधिक स्पष्ट होते. तो अडीच सेंटिमीटर उंच होता, एक इंच. एवढ्यासाठी काय मोठेसे, असे वाटते ना? आता असे पाहा.

खुर्चीच्या पुढच्या छोट्या चाकाचा व्यास १५ सेंटिमीटर, म्हणजे त्रिज्या साडेसात. चाक उंबरठ्याच्या कडेला टेकले, की ती कड टेकू बनते आणि चाक तिच्याभोवती वर फिरू पाहते. आस कडेपेक्षा ७.५ वजा २.५, म्हणजे ५ सेंटिमीटर वर आहे. कडेपासून आसाचे आडवे अंतर पायथागोरसच्या प्रमेयाने काढा. ५६.२५ वजा २५, म्हणजे ३१.२५ चे वर्गमूळ, सुमारे ५.६. भार या आडव्या अंतरावर काम करतो आणि आपला आडवा जोर उभ्या अंतरावर. म्हणून जोर गुणिले ५ बरोबर भार गुणिले ५.६. जोर झाला भाराच्या १.१२ पट. चाकावर जेवढा भार असेल त्याहून अधिक जोराने ढकलले तरच ते चढेल! न चढले तर खुर्ची जागीच थांबते आणि बसलेला पुढे फेकला जातो.

मागचे चाक ६० सेंटिमीटर व्यासाचे. तेच गणित केले की जोर येतो भाराच्या ०.४४ पट. आता अंगणातली बैलगाडी घ्या. चाकाचा व्यास १२० सेंटिमीटर धरला तर ०.३० पट. ढेकळांनी भरलेल्या शेतातून जायचे, तर चाक मोठे हवे, हे गाडी करणाऱ्या सुतारांनी कोणतेही सूत्र न मांडता ओळखले होते. म्हणून खुर्ची उंबरठ्यावरून उलटी न्यायची, म्हणजे मोठे चाक आधी चढते. आणि मागे किंचित कलवली की छोटी चाके हवेत राहतात. हे करण्याआधी बसलेल्याला सांगा. न सांगता मागे कलवले की जीव कसा दचकतो, ते एकदा स्वतः बसून पाहा.

खुर्चीचा प्रश्न सुटला म्हणजे सगळे झाले असे नाही. कुबड्या घेऊन चालणाऱ्या एखाद्याला लांब उतारापेक्षा कठडा असलेल्या दोन पायऱ्याच बऱ्या वाटतात. शेडमध्ये अवजारे दाटीने मांडलेली असतील, तर खुर्चीला जागच्या जागी वळायला दीड मीटर व्यासाचे वर्तुळ मोकळे हवे. आमच्या वर्गात एक मुलगा अंध होता. पांढरी काठी जमिनीवरचे अडथळे सांगते. पण घोडीवर टेकवलेल्या नांगराचा हळस छातीच्या उंचीवर पुढे आलेला असतो. काठी त्याच्याखालून निघून जाते आणि हळस सरळ छातीत बसतो. आम्ही त्याच्याखाली एक रिकामी पाटी पालथी ठेवली. काठी पाटीला लागली की थांबायचे.

हाताने पाहणे

शेतीची अवजारे हाताळण्यासाठीच घडवलेली असतात. काचेमागून पाहिलेली पाभर म्हणजे लाकडांचा सांगाडा. डोळे मिटून चाचपली तर ती कळते. वर लाकडाचे वाटीसारखे चाडे, त्याच्या तळाशी तीन भोके, प्रत्येकातून निघालेली एक नळी, आणि प्रत्येक नळी खाली एकेका फणाच्या मागे उतरलेली. पेरणाऱ्याने मुठीतून चाड्यात दाणे सोडायचे, ते तीन वाटांनी तीन सऱ्यांत पडायचे. बोट भोकातून नळीवर आणि नळीवरून फणावर नेले, की कोणी समजावून सांगावे लागत नाही.

तरी विचारल्याशिवाय काही हाताळू नये. घामातल्या क्षारांनी लोखंड गंजते, म्हणून हात धुऊन कोरडे करा, अंगठ्या काढा. जुन्या लाकडाच्या कुसळ्या टोचतात. विळे, कोयते, नांगराचे फाळ हे आधी शिक्षकांनी पाहावेत. मोटेसारख्या चामड्याच्या वस्तूंना कसर लागू नये म्हणून कधीकाळी विषारी पावडर लावलेली असू शकते. पूर्वी संग्रहालयांत तशी पद्धतच होती. म्हणून कोणत्या वस्तू हाताळायच्या त्याची यादी आधी ठरवा आणि नंतर पुन्हा हात धुवा. आमच्या काकांनी सात वस्तू निवडल्या.

उन्हातून अंधाऱ्या शेडमध्ये शिरल्यावर डोळ्यांना काही दिसेनासे होते, तो अनुभव तुम्हाला आहेच. डोळ्यांतील शंकूपेशी पाच-दहा मिनिटांत जुळवून घेतात. दंडपेशींना वीस-तीस मिनिटे लागतात. ज्यांची दृष्टी अधू आहे त्यांना याचा फार त्रास होतो, म्हणून वर्गाला आधी सावलीत बसवून माहिती सांगा आणि मग आत न्या. माहिती सांगणाऱ्याने दाराकडे पाठ करून उभे राहू नये. मागच्या उजेडामुळे त्याचा चेहरा काळा दिसतो आणि ओठांवरून बोलणे ओळखणाऱ्या मुलाला काहीच कळत नाही. श्रवणयंत्र लावणाऱ्यांनी जवळ बसावे. मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की आवाजाची तीव्रता चौथाई होते. पत्र्याच्या शेडमध्ये त्यात घुमण्याची भर पडते आणि यंत्र तो घुमाराही मोठा करून ऐकवते.

एक गोष्ट विचारायला सर्वांनाच संकोच वाटतो, आणि म्हणून ती राहून जाते. शौचालय. तेथे खुर्ची शिरते का, दार आत उघडते की बाहेर, बसायला कमोड आहे का? नसेल तर वाटेत कोठे आहे? सोय नाही हे ठाऊक असले, की ती मुले सकाळपासून पाणीच पीत नाहीत. आमच्या मुलीनेही पहिल्या सहलीला पाणी घेतले नव्हते, आणि तो उन्हाचा दिवस होता. मज्जारज्जूला वरच्या भागात इजा झालेल्यांना तर इजेच्या खाली पुरेसा घामच येत नाही, त्यांचे शरीर लवकर तापते. सकाळची वेळ, सावली आणि जवळचे शौचालय या गोष्टी एकत्रच पाहाव्या लागतात. आम्हाला चार किलोमीटर अलीकडच्या एका शाळेत योग्य शौचालय सापडले, तेथे गाडी जाताना आणि येताना थांबवली.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये झाला. सार्वजनिक जागा सर्वांना वापरता याव्यात हे त्यात स्पष्ट आहे आणि ते तुम्हाला माहीत असावे. पण स्वतःच्या गोठ्यात संग्रहालय मांडून बसलेल्या एखाद्या काकांना कायदा ऐकवण्यापेक्षा मी मोजमापांचा कागद देणे पसंत करतो. आमचा कागद त्यांनी खिळ्याला अडकवून ठेवला.

दुसऱ्या सहलीला सगळा वर्ग गोठ्याच्या दाराने आत गेला. खुर्ची उलटी आली, म्हणून मुलीला पाभर सर्वांत शेवटी, मान वळवल्यावर दिसली. काकांनी तिच्या ओंजळीत ज्वारी घातली. तिने एक मूठ हळूहळू चाड्यात सोडली. अंध मुलगा खाली फणांपाशी बसून कान देत होता.

“दोनच नळ्या वाजताहेत,” तो म्हणाला. “मधली बंद आहे.”

काका म्हणाले, असे कसे होईल, पाभर चांगली आहे. तिने पुन्हा मूठ सोडली. मधल्या फणामागे एकही दाणा पडला नाही. मग काकांनी तार आणली, नळीत घालून फिरवली, आणि आतून कुंभारमाशीचे मातीचे घर तुकड्या-तुकड्यांनी बाहेर पडले. पाभर तेथे मांडल्यापासून तिच्यात कोणी दाणेच टाकले नव्हते. मुलीने तिसरी मूठ भरली.